इंजिनाच्या आडोशाने

४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिन्ही पवनचक्क्या परवा सुरू झाल्या. तुमच्या कंपनीचा माणूस बोटीत चढता चढता सांगून गेला, की वारा असला की डिझेलचं इंजिन आपोआप बंद होईल, वारा पडला की आपोआप सुरू होईल, मी नुसती नोंद ठेवायची. तीस वर्षं या बेटाला वीज पुरवणारा माणूस आता नोंद ठेवणार. असो. लेकीने बापाला बसून खायची सोय केली म्हणायची.

काल भर दुपारी इंजिनाची धडधड थांबली आणि काय तो गोंधळ! गिरणीवाल्याने वीज गेली म्हणून गिरणी बंद केली. नर्सबाई लशी फ्रीजमधून काढून बर्फाच्या पेटीत भरायला लागल्या. मास्तरांनी तर शाळाच सोडली. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पंखे गरागरा फिरत होते! निम्मं गाव माझ्या दारात. वर बघा, वर बघा म्हणून घसा बसला माझा.

आई ठीक आहे. इंजिनघराच्या भिंतीला लागून संसार केला तिने, पण कधी तक्रार नाही. मुळात बोलणंच कमी.

तुझे बाबा

२० एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. साहेब पोट धरून हसले. मग आकडे बघितले आणि हसायचे थांबले. वारा भरपूर आहे, तरी डिझेल म्हणावं तसं वाचत नाही. जुलैपर्यंत खप निम्म्यावर आला नाही, तर चक्क्या उतरवून दुसरीकडे नेणार म्हणतात. बाबा, पाच वर्षं घासली आहेत मी यावर. डिझेलची बोट तीन आठवडे आली नव्हती आणि तुम्ही शेवटचं पिंप उलटं करून निथळवत बसला होतात, ते विसरले नाहीये मी. म्हणून तर आपलं बेट आधी मागून घेतलं.

मला चोरीचा संशय येतो. तुमच्याइतकं बारीक लक्ष कोणाचं? जरा पाळत ठेवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.
चिमणी

२ मे

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पाळत ठेवली आहे. पिंपांच्या खोलीला नवं कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात. तरी डिझेल उतरतंच. गिरणीवाला हल्ली फार गोड बोलतो, पण उगाच कोणावर आळ कशाला घ्या. मशीनचाही काय भरवसा?

वेळेवर जेवत जा. इथे धुराड्यातून काळा धूर येतो, आईचे वाळत घातलेले कपडे खराब होतात. बाकी क्षेम.

तुझे बाबा

१५ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बंद इंजिनाच्या धुराड्यातून धूर कसा येतो हो बाबा?

चोर सापडला. चक्क्या सगळं ओझं वाहत असताना तुम्ही इंजिन हाताने चालू करून रिकामं फिरवताय ना? रिकामं फिरलं की आत काजळी धरते. प्रेमाने त्याचाच गळा आवळताय तुम्ही. उद्या वारा पडला आणि ते सुरूच झालं नाही, तर बेट अंधारात आणि माझ्या चक्क्या बोटीत.

आणि तुमची नोकरी जात नाही. साहेबांकडून लिहून घेतलंय, कागद सोबत आहे. रागावू नका.

तुमचीच चिमणी

१० जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

चोर मीच. कागद मिळाला, पण कागदाआधी भीती होती ना गं! इंजिन बंद, मग इंजिनवाला कशाला, असंच कोणीही म्हटलं असतं. शिवाय करमत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

इंजिन खोललं आणि दोन दिवस बसून काजळी खरवडली. गेल्या आठवड्यात वारा पडला, ते आपोआप सुरू झालं. मी हातसुद्धा लावला नाही, नुसता शेजारी उभा राहिलो. डिझेलचा खप निम्म्याच्याही खाली आलाय, साहेबांना खुशाल कळव.

पण एक नवीनच कळलं. तुझी आई दिवसभर बोलते! सकाळी चहापासून जी सुरुवात होते ती दिवे लागेपर्यंत. मी तीस वर्षं समजत होतो की ती अबोल आहे. काल भांडी घासताना मला मठ्ठ म्हणाली, स्वच्छ ऐकू आलं.

तुझे बाबा

ता. क. चिमणे, हे पाकीट चिकटवायच्या आत लिहिते. इंजिनाच्या आडोशाने तीस वर्षं यांना तोंडावर हवं ते बोलून घेतलं, म्हणून तर कधी भांडण झालं नाही. आता शब्द न् शब्द तोलावा लागतो. साहेबांना विचारून बघ, दिवसातून तासभर इंजिन चाललं तर नाही का चालणार? यांच्या गळ्यातली किल्ली कशी काढायची ते मी बघते.
आई