सात नंबरच्या साच्यातली पन्नी

प्रिय ताई,

हे पत्र दीड महिना उशिरा लिहितोय. कामाचं निमित्त सांगत नाही, वेळ भरपूर होता. कागद आणला, पेन आणलं, पेन चालेना म्हणून दुसरं आणायला बाहेर पडलो आणि जो चालत सुटलो तो थेट बंदरापर्यंत. तिथे एक माणूस जहाजाचा जाडजूड दोर एकट्याने गुंडाळत होता. ते बघत बसलो, पेन राहिलंच. फोनही केले तुला. हवा, जेवण, तुझा गुडघा, एवढं बोलून ठेवून दिले. तुझा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते. कागद निदान मध्येच ‘बोल की रे’ म्हणत नाही.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला माणसं घेतायत, महिनाअखेरपर्यंत नावं द्यायची आहेत, आणि तू नाव दिलं नाहीस. वर लाइनीवरच्या सगळ्या बायकांनाही थांबवलंस. परदेशी नेलेले साचे परत येणार, आले की मला हीच माणसं हवीत, असं गेटवर ठणकावून सांगितलंस. चष्मेवाल्या वहिनींनी तर भरलेला फॉर्म फाडला, असं तू किती खुशीत लिहिलंयस! ते वाचलं तेव्हा मी इथे जिन्यात बसलो होतो. बराच वेळ उठवेना. वरच्या मजल्यावरची म्हातारी पिशवी घेऊन दोनदा मला ओलांडून गेली, तिसऱ्यांदा काहीतरी करवादली. इथली भाषा अजून धड येत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात.

आम्ही चौघं एका खोलीत राहतो. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत, हात लावता येईल इतकी जवळ. कारखाना मात्र आपल्यापेक्षा मोठा आहे, छत उंच, पंखे आवाज न करणारे. आणि त्या चकाचक शेडमध्ये दप्तराच्या क्लिपांचे आपले सात साचे. पेट्यांवर तुझ्या हातचे खडूचे आकडे होते, ते इथल्या पोरींनी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसले. मला उगाचच राग आला. म्हटलं, अगं, विचारायचं तरी.

साचे उचलले त्या दिवशी कंपनीचा साहेब आपल्याला काय म्हणाला होता, आठवतं? तू तोंड फिरवून उभी होतीस, पण मी नीट ऐकलं. म्हणाला, बाई, तुमच्या कामात खोट नाही. पण जगभरच्या दप्तरांच्या क्लिपा तुमच्या एकाच देशात बनतात, आणि इथलं बंदर पंधरा दिवस बंद पडलं तर निम्मी पोरं दप्तराला सुतळी बांधून शाळेत जातील. कुणा एकावर भिस्त ठेवायची नाही, असा आम्हाला वरून हुकूम आहे. मागल्या वर्षी बंदर बंद पडलंच होतं ना गं? माल गोदामात कुजत पडला होता. म्हणजे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हेच मला सोसत नाही. तो लबाड असता तर मला दोन घास सुखाने गेले असते.

पेट्यांबरोबर एक माणूस जाणार म्हटल्यावर मी हात वर केला, तेव्हा तू दोन दिवस बोलली नाहीस. आई गेल्यापासून तूच मला सांभाळलंस, आठवीत शाळा सोडली तेव्हा कान धरून आपल्या मशीनवर उभं केलंस, आणि मी मात्र जरा कुठे गाडी-जहाज दिसलं की निघालो. जाताना म्हणालीस, जातोस तर जा, पण पाहुण्यासारखा जा, घरजावई होऊ नकोस. सगळ्या हसल्या. मग पेट्या बंद करायच्या आधी तू सात नंबरच्या साच्याशी एकटी वाकलीस आणि आतली चॉकलेटची पन्नी काढून पदरात घेतलीस. मी पाहिलं. तूही पाहिलंस की मी पाहिलं. नुसती भुवई उडवलीस.

किती वर्षं ती पन्नी तिथे होती! साचा एका बाजूने झिजलेला, आणि झिजल्याचं वर कळवलं तर भंगारात काढतील, मशीन बंद होईल, म्हणून तू चार घड्यांची पन्नी मागे सारून त्याला सरळ करायचीस. कुठल्या कागदावर नाही, कुठल्या नकाशात नाही. तुला ठाऊक आणि मला ठाऊक.

इथे सात नंबरने सव्वा महिना छळलं. क्लिप लावली की ‘कट्’ वाजायच्या जागी नुसतं ‘फस्’. इंजिनीयर आले, मोजमापं घेऊन गेले, दुसरे आले. सात नंबर जुळला नाही तर सगळेच साचे परत धाडू, असं साहेब म्हणाला तेव्हा मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. तुझीच आठवण आली. पण इथे लाइनीवर एक बाई आहे, तुझ्यासारखीच मुख्य. पाय न वाजवता चालते म्हणून मी तिला मांजरी म्हणतो. साहेब सगळ्यांदेखत तिच्यावरच ओरडायचा. तिला वाटायचं, आपलंच चुकतंय. रोज सगळ्यांच्या आधी येऊन साचा पुसत बसायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मशीनमागे उभी राहून एकेक क्लिप कानाशी नेत होती. फस्. दुसरी. फस्. डोळ्यांतलं पाणी पुसायची आणि पुढची उचलायची. अगदी तू ऐकतेस तशी, मान तिरकी करून.

ताई, मी काही ठरवलं नव्हतं. हात शिवशिवले. तिच्याच डब्यातल्या चॉकलेटची पन्नी घेतली, चार घड्या घातल्या आणि तिच्यादेखतच साच्यामागे सारली. पहिल्याच क्लिपेला ‘कट्’ वाजलं. ती इतकी हसली, ते उघडं चॉकलेट मलाच देऊ लागली, आणि मी ते घेतलं नाही.

त्याला आज दीड महिना झाला. त्यानंतरच्या तिसऱ्या फोनला तू विचारलंस, सात नंबर चालला का रे? आणि मी म्हणालो, अजून नाही. त्या दोन शब्दांच्या जोरावर तू गेटवर उभी राहिलीस आणि चष्मेवाल्या वहिनींनी फॉर्म फाडला. म्हणून लिहितोय. साचे परत येणार नाहीत, ताई. मीच ते चालू केले. हे पत्र महिनाअखेरच्या आत तुला मिळायला हवं, म्हणून आज सुट्टीत जेवायला न जाता कारखान्यातच वरच्या खोलीत लिहायला बसलो. तू आधी सगळ्या बायकांना घेऊन औषधांच्या कारखान्यात जा, नावं दे, वहिनींना नवा फॉर्म आणून दे. मग घरी येऊन मला काय बोलायचं ते बोल. वहिनींनी विचारलं तर माझं नाव सांग, लपवू नकोस. पन्नी तू अजून जपून ठेवली असशील. टाकून दे गं.

तुझाच,
भिंगरी

ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात मांजरी पळत आली. आज पहिल्यांदा तिचे पाय वाजले. खाली ऑफिसात एक बाई आलीय, तिसऱ्याच कुठल्यातरी देशातून, वही आणि छोटी बॅग घेऊन. तिकडच्या लाइनीची मुख्य आहे म्हणे. साहेबाला आता या एकट्या गावावरही भिस्त ठेवायची नाहीये, सहा आणि सात नंबर तिकडे जाणार. मला शिकवायला बोलावलंय. मांजरीने दार लावून घेतलंय, पाठ टेकून उभी आहे, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारतेय, हिला पन्नीचं सांगणार नाहीस ना?