बाच्या जागेचा खुंट

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

वेलजुवे, दि. २२ ऑगस्ट १९८८

चि. कान्हा यास शेवंतीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बाच्या तेराव्याहून तू गेलास तो गेलासच. तीन महिने झाले. आपल्या बेटावरून रेतीबंदरला होडीनं वीस मिनिटं, तिथून मानपाड्याला रिक्षा. पण तुझ्या पत्रांच्या वाटेत बहुतेक समुद्र लागतो. सौ. नीलाला सांग, नवऱ्याला पोस्टाची पेटी दाखव.

इकडे पावसानं यंदा अंत पाहिला. खाडी अजून लाल आहे, भरतीलासुद्धा पाणी गोडं लागतं. होडी पडवीत शाकारून ठेवली आहे. आयच्या गुडघ्यांना पाऊस मानवत नाही, पण गप्प बसणं त्याहून मानवत नाही. परवा माझा डोळा चुकवून कालवणाला निवट्या पकडायला चिखलात उतरली आणि कमरेपर्यंत रुतली. मी ओरडले तर म्हणाली की सासरी आल्यापासून ह्याच चिखलात उभी आहे, त्याला माझी ओळख आहे. शनिवारी नारळीपुनव आहे. घरात दुखवटा आहे म्हणून आम्ही नारळ सोडू आणि घरी येऊ.

आता मुद्द्याचं. सर्वपित्री अमावास्या दहा ऑक्टोबरला आहे, सोमवारी. त्या दिवशी ओहोटी सकाळी आठला पूर्ण बसेल. खाडीतला, जाळं बांधायचा बाचा जुना खुंट उपटून नवा ठोकायचा आहे, तो तुला. त्या ओहोटीला ठोकला नाही तर पंच आपली जागा दुसऱ्या घराला देतील, हे तुला नव्यानं सांगायला नको. वळणावरची ती जागा पणज्यापासून आपली आहे. जिताड्यासारखा मासा लागतो तो तिथंच लागतो. बाचा खांदा गेल्यापासून सहा वर्षं ते जाळं मी बांधते आणि मीच सोडते, तेव्हा पुढचं सगळं मी बघेन. मला तुझी एक सकाळ हवी आहे. ताडाचा खुंट तासून तयार आहे.

कामावर आताच सांगून ठेव. आयचे आशीर्वाद. प्रकृतीला जप आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शेवंती

*

मानपाडा, डोंबिवली पूर्व
दि. ६ सप्टेंबर १९८८

ती. शेवंतीबाय हिस कान्हाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र वाचतोय की बोलणी खातोय तेच कळेना. नीला मात्र खूश झाली. तिला माझ्याविरुद्ध कुणीतरी साक्षीदार हवाच होता.

बाय, राग मानू नकोस, पण दहा तारखेला येणं जमणार नाही. आमच्या रंगाच्या कंपनीत यंदा अकरा जणांना पर्मनंट करणार आहेत आणि यादी त्याच आठवड्यात लागणार आहे. सुपरवायझरनं बजावलंय की ऑक्टोबरात ज्याची एक दांडी पडेल त्यानं यादी वाचायला येऊ नये. सात वर्षं मी टेंपररी आहे. सात वर्षं हातापायाला रंग फासून घरी येतो. चाळीतली माणसं मला बाराही महिने होळी खेळलेला म्हणतात. एका सकाळीसाठी हे घालवू का, तूच सांग.

पण काळजी करू नकोस, मी तोड काढलीय. धाकूकाकाला पत्र टाकलं की बाचा खुंट माझ्या वतीनं तू ठोक, माझी हरकत नाही. काका बाचा सख्खा भाऊ, घरचाच हात. जागा आपली राहील आणि माझी नोकरीही. आहे की नाही डोकं?

गौरीगणपतीला आम्ही खडवलीला नीलाच्या माहेरी जातोय. आयला साष्टांग नमस्कार. आहे तसाच लोभ ठेव.

तुझा,
कान्हा

*

वेलजुवे, दि. ११ सप्टेंबर १९८८

कान्हा,

आशीर्वाद वगैरे आज गृहीत धर. तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग बसले.

काय करून ठेवलंस तू? बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की खुंट ज्याच्या हातचा, पाणी त्याचं. आपल्याकडे सातबारा नाही, कागद नाही. माणूस गेलं की नव्या खुंटाला ज्याचा हात लागला त्याची जागा, तो मरेपर्यंत. ‘वतीनं’ हा शब्द तुझ्या कंपनीत चालत असेल. चिखलात वतीनं काही होत नाही. हे तुला बानं खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, मी शेजारी चालत होते. सात वर्षांत इतका धुतला गेलास?

काकानं तुझं पत्र काल देवळात सगळ्यांपुढे वाचून घेतलं. ऐकताना डोळे पुसले म्हणे. काळुराम पाटलांनी आणि पंचांनी मान डोलावली की खुद्द मुलाचीच हरकत नाही, मग धाकू ठोकेल. म्हणजे काकानंतर ते त्याच्या पोराचं, दौलतचं. दौलतला जाळ्याला गाठ नीट मारता येत नाही, बसून खाता मात्र येतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि बीळ तू दाखवलंस.

आय दोन दिवस जेवली नाही. मला विचारते, कान्हाला कळलं नसेल ना गं? मी काय उत्तर देऊ?

ऐक आता. ह्याला एकच उपाय आहे. काळुराम पाटलांच्या नावानं लिही की काकाला दिलेला हात मी परत घेतो आणि तो माझ्या बहिणीला देतो. बाईचा हात आजवर लागलेला नाही हे मला ठाऊक आहे. पण मुलाचं लेखी असेल तर त्यांना विचार करावा लागेल. निदान माझ्या तोंडावर नाही म्हणावं लागेल. नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा बानं मला बसून खायला ठेवली नाही, जाळं हातात दिलं. त्या जागेवाचून मला आणि आयला दुसरं काही नाही. तुला आहे.

उलट टपाली लिही.

शेवंती

*

वेलजुवे, दि. १९ सप्टेंबर १९८८

चि. कान्हा यास धाकूकाकाचे अनेक आशीर्वाद. (पत्र चांगदेव गुरुजींच्या हातचे.)

तुझं दुसरं पत्र मिळालं. हात परत घेतो असं त्यात लिहिलंस, ते वाचून हसू आलं. अरे, दिलेला हात म्हणजे दुकानातला सदरा आहे का, घालून बघितला, बसला नाही, परत केला?

तू बायकांचं ऐकून तापलास हे मला कळतं. शेवंता मनानं चांगली, जिभेनं तिखट. नवऱ्याकडे टिकली नाही ती उगाच नाही. तुझा बापूस मला नेहमी म्हणायचा की धाकू, माझ्यामागं तूच. आता दौलत काय आणि तू काय, मला दोन्ही सारखे. थंडीत कोलंबी लागेल तेव्हा पहिली पाटी उतारू नेणाऱ्या जगनच्या होडीनं तुला पाठवीन. शेवंता आणि वहिनी जाळं निवडायला येतील तर त्यांच्याही चुलीला कालवण कमी पडणार नाही.

तू तुझी नोकरी सांभाळ. गणपतीची आरती तुझ्या नावानं केली.

तुझ्या भल्याचाच विचार करणारा,
धाकूकाका

*

मानपाडा, दि. २५ सप्टेंबर १९८८

ती. शेवंतीबाय हिस कान्हाचा नमस्कार. वि. वि.

सोबत काकाचं पत्र पाठवतोय. वाच आणि चुलीत घाल. आय त्याच्याकडे जाळं निवडायला जाणार म्हणे. मी भिंतीवर मूठ मारली, चाळीतली पातळ भिंत, पलीकडच्या बाईनं फळीवरचा डबा सावरला. माझं डोकं चाललं नाही, कबूल. बाप गेल्यावर चार महिन्यांत काका असा निघेल हे मला सुचलं नाही.

पण तुझ्या नावानं पाटलांना लिहिणं मला जमायचं नाही. नीट सांगतो, मग हवं ते म्हण. इथं तिसरी पाळी बंद केलीय. गेटवर बोलतात की दिवाळीनंतर टाळं लागेल. उद्या तसं झालं तर मी कुठं जाऊ? बाची ती जागा आहे, एवढाच माझ्या डोक्याला थारा आहे. ती तुझ्या हातची झाली की तुझी. तू अजून चाळिशीची नाहीस. उद्या कुणाचं घर केलंस तर पणज्याचं पाणी परक्या उंबऱ्यात जाईल. काकाकडून मी कधीतरी भांडून घेईन, तुझ्याशी कसा भांडू?

आणि दर पत्रात मला धुतला गेलास म्हणू नकोस. मी काही चैनीला आलेलो नाही. बाच मला म्हणाला होता की चिखलात दोघांचं पोट भरत नाही, तू जा. तू त्या वेळी तुझ्या सासरी होतीस. आल्यावर तुला जागा मिळाली ती मी गेलो म्हणून, हेही एकदा लक्षात घे.

आयला सांभाळ. रागातही लोभ राहू दे.

कान्हा

*

वेलजुवे, दि. १ ऑक्टोबर १९८८

कान्हा,

पत्र पोचलं. तू कंपनीत पर्मनंट हो आणि खाडीतही पर्मनंट रहा, न येता. मधल्या मधे आम्ही दोघी काकाच्या अंगणात कोलंबी निवडतो, उद्या तुला थारा लागला तर असावा म्हणून.

मी कुणाचं घर करीन हे तुला मानपाड्यात बसून दिसलं. सहा वर्षं थंडीत पहाटे गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून माझी बोटं फाटली, ते दिसलं नाही. बानं तुला जा म्हटलं तेव्हा तो रात्रभर जागा होता, हे मला आयनं सांगितलं आहे. त्याला दोन मुलं होती. एक गेला, एक आली. जो गेला त्याची जागा राखून ठेवायची आणि जी आली तिनं राखण करायची, असा न्याय बानं केला नसता.

तुझं पितर तू तिकडे घाल. इकडचं आम्ही बघू. आयला मी हे पत्र वाचून दाखवलं. तिनं काही पुसायला सांगितलं नाही.

शेवंती

*

वेलजुवे, दि. ११ ऑक्टोबर १९८८

कान्हा,

काल काय झालं ते दुसऱ्या तोंडून ऐकशील त्याआधी माझ्याकडून ऐक.

काका आठला येणार म्हणून आम्ही साडेसहालाच होडी सोडली. मी, आय आणि तासलेला खुंट. पाणी अजून उतरत होतं. बाचा खुंट दिसला तेव्हा आयनं त्याला हळदकुंकू लावलं आणि दोघींनी मिळून हलवून हलवून तो उपटला. ते किती कठीण गेलं हे तुला लिहीत नाही, तुला सुटी नव्हती.

नवा खुंट अर्धा गेला असेल तेव्हा काकाची होडी आली. दौलत, पाटील, दोघे पंच, मागं जगनच्या होडीत तमाशा बघणारे. काका ओरडून ओरडून लाल झाला. पाटलांनी त्याला गप्प केलं आणि मला म्हणाले की शेवंते, बाईचा हात ह्यात धरत नाहीत, खुंट काढ. मी मोगरी खाली ठेवली नाही.

मग आय बोलली. ती खाली चिखलात गुडघ्यावर बसली होती, दोन्ही हातांनी खुंटाचा बुंधा धरून. तशीच बसून तिनं पाटलांना विचारलं की खुंट एकट्यानं ठोकला जातो का? वरून मोगरी मारणारा एक, खाली धरणारं एक. तिचं लग्न झालं त्या साली पहिला खुंट तिनं धरला, अंगाची हळद उतरली नव्हती. त्यानंतर कुजून जो जो बदलला तो प्रत्येक तिनं धरला. एकदा मोगरी घसरून तिची करंगळी गेली, त्या हाताची उरलेली बोटं तिनं सगळ्यांना वर करून दाखवली. म्हणाली की ह्या जागेला बायकोचा हात आधी लागतो, नवऱ्याचा मागून. तुम्ही आजवर वरचाच मोजलात. माझा मोजायचा नसेल तर बेटावरचे सगळे खुंट उपटा, तुमचाही, पाटील, तो भागीरथीनं धरला होता.

भागीरथीकाकी जगनच्या होडीत होती, ती हसली नाही की काही नाही, नुसती नवऱ्याकडे बघत होती. पाणी वळायला लागलं होतं. शेवटी पाटील म्हणाले की भरती येतेय, मारायचे ते घाव मारून घे. काकानं देवाची शपथ, तुझं पत्र, सगळं काढलं. कुणी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी जगननं तुझं पाकीट आणून दिलं. सात तारखेचं. आत पाटलांच्या नावची चिठ्ठी, की माझा हात मी माझ्या बहिणीला देतो. आणि मला एक ओळ, की बाय, रात्रभर झोप नाही, हे घे. मी दोनदा वाचलं. मग मला इतका राग आला की अंगणात जाऊन उभी राहिले. हेच एक महिना आधी लिहिलं असतंस तर तुझ्या आयला चिखलात बसून गेलेलं बोट लोकांना दाखवावं लागलं नसतं. चिठ्ठी मी पाटलांना दिली नाही आणि देणार नाही. फाडलीही नाही. आयनं ती तिच्या उशाखाली ठेवली आहे, तिला माझ्यासारखा राग धरता येत नाही.

जाळ्याला दोन खुंट लागतात, हे तरी आठवत असेल. समोरचा कोजागिरीच्या ओहोटीला ठोकायचा आहे, मंगळवारी सकाळी. आयचे गुडघे सुजले आहेत, तिला मी परत उतरवणार नाही. यादीत नाव लागलं असेल तर रजा मिळेल, लागलं नसेल तर रजेची गरज नाही. नीलाला घेऊन ये. मोगरी मी मारीन. तू खाली चिखलात बसून धरायचास, आणि माझा घाव येताना हात काढायचा नाहीस.

राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

शेवंती