कागद बघून बेस

जिंतूर, ११ ऑगस्ट २०२४

चि. त्रिवेणीस आईचे अनेक आशीर्वाद.

आज रविवार. सकाळी पूजा केली, धुणं केलं. दुपारी बाबांच्या ऑर्केस्ट्रातले ड्रमवाले धम्मपाल चहाला येऊन गेले. बाबा गेल्यापासून फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

बाबांची बेस गिटार तू पुण्याला नेलीस ते बरं झालं. नाटकाच्या तालमी कशा चालल्या आहेत? जेवतेस ना, की बाबांसारखं चहावरच भागवतेस? खुशाली कळव, काळजी राहते.

आई

पुणे, १६ ऑगस्ट

ती. आईस शरणार्थ.

जेवते. चहाही पिते. तालमीत मात्र घोटाळा झाला. इथे वाजवणाऱ्या प्रत्येकासमोर स्वरलिपीचा कागद असतो. मला वाचता येत नाही हे मी सांगितलंच नाही. बाबांनी शिकवलं तसं ‘काळी दोन का?’ म्हणून कीबोर्डवाल्याला पट्टी विचारली आणि ड्रमवाल्याच्या पायाकडे बघत, त्याच्या ठोक्यावर सुरू केलं. सगळं जुळलं. पण एका जागी सगळे थांबले आणि मी एकटीच वाजवत राहिले. कागदावर तिथे गप्प बसायची खूण होती.

आमचे संगीतकार दिनकरराव म्हणाले, कान चांगला आहे, पण महिनाअखेरपर्यंत वाचायला शीक, नाही तर दुसऱ्याला घ्यावं लागेल.

बाबा म्हणायचे, बेसवाल्यानं कागदात डोकं घातलं तर ड्रमकडे कोण बघणार? शिकले तर त्यांना खोटं पाडल्यासारखं होईल. न शिकले तर परत यावं लागेल. काय करू? तुझ्या पत्राची वाट बघते.

त्रिवेणी

जिंतूर, २१ ऑगस्ट

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

पत्र वाचून मीच गोंधळले. धम्मपालांना विचारलं. वाटलं, ते बाबांचीच बाजू घेतील. ते म्हणाले, “वहिनी, भाऊला मुंबईला वाजवायचं बोलावणं आलतं. कागद ठिवला समोर, अन् भाऊ दुसऱ्या दिवशी माघारी आले. वाचाय आलं असतं तर आमच्यात कशाला राह्यले असते?”

मला बाबांनी सांगितलं होतं की तिथलं पाणी मानवलं नाही. मग कागदाविषयी बोलायचे ते मनापासून, की मन मारून? एकदा वाटतं, मन मारूनच. मग त्यांचं वाजवणं आठवतं, नजर धम्मपालांच्या पायावर, आणि वाटतं, खरंच तसं मानत असतील. बेसवाल्याला वाचता यावं की नाही, मला काय कळणार. आणि विचारायला ते नाहीत.

म्हणून माझं सांगते. तू शीक. वाचताना चुकशील, लोक हसतील. दुसऱ्या दिवशी माघारी येऊ नकोस, एवढंच.

माया आहे तशीच राहू दे. नळाला पाणी आलं आहे, भरून घेते.

आई