बुटक्या छताखालचे दिवे

२ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंचा हात भाजला! तापलेल्या पातेल्यावर सरळ पंजा टेकवला. चार फोड आलेत. "तुझ्या या गुहेत दिसतंय कुठे काही!" वर माझ्यावरच खेकसल्या. खोटं नाही. स्वयंपाकघराला खिडकी नाही. एकच ट्यूब, तीही मागच्या भिंतीवर. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या हातांवर.

३ फेब्रुवारी

नणंद येऊन गेली. आईचा हात बघून रडली, मग माझ्यावर घसरली. "वहिनी, पंधरा दिवस देते. तेवढ्यात इथे धड उजेड झाला नाही, तर आईला मी घेऊन जाते. दादा असता तर बोलले नसते."

दादा असता तर! दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. मला एकटी पडूनही तेवढीच झाली.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला तिकडे धाडू नकोस गं. त्या घरात मला काही म्हणजे काही सापडत नाही." एवढ्या तोंडाळ बाईचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

४ फेब्रुवारी

त्या गेल्या तर या घरात ह्यांचं नाव काढणारं कोणी उरत नाही. एवढंच लिहायचं होतं.

६ फेब्रुवारी

वाचनालयातून घराच्या प्रकाशयोजनेवरचं जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाई हसली, "आता हेही का?" शाळा चौथीत सुटली, पण एकदा पुस्तक हातात धरलं की मी सोडत नाही. काही पानं तीनदा वाचली. सार असं — छत बुटकं असेल तर मधोमध लटकता दिवा नको, खोली आणखी दबते. उजेड छतावर फेकायचा, म्हणजे छत वर गेल्यासारखं वाटतं. ओट्यावर हवा असेल तर फळीखाली पट्टीचे दिवे, तेही फळीच्या पुढच्या कडेला. मागे लावले तर नुसती भिंत उजळते आणि कांदा अंधारातच चिरायचा!

आपलं छत जेमतेम सहा फूट. वरचा माळा ह्यांनी स्वतः ठोकला. ठोकताना उंचीचा विचार केला नाही, मग जन्मभर मान वाकवून जेवायला आले.

९ फेब्रुवारी

वायरमन आला. मी आराखडा काढून ठेवला होता, मापांसकट. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, माझ्या पोटावर पाय आणता की काय! पण टेबलावर एक लटकता दिवा चालेल. टेबलावरून चालतंय कोण?"

मी म्हटलं, "नको. उठताना डोकं आपटतं."

"कुणाचं? तुम्ही दोघी तर माझ्या खांद्याला लागता!"

सगळी मापं मी सहा फूट एक इंचाचा माणूस धरून काढली होती. पुस्तकातही टेबलापुरती सूट होती. ती ओळ मी वाचून सोडून दिली होती.

पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आल्यावर म्हटलं, "बरं. लावा लटकता."

१० फेब्रुवारी

वायरमनला फोन केला — लटकता नको. का, ते त्याने विचारलं नाही. भला माणूस.

१३ फेब्रुवारी

दिवसभर ठोकाठोक. सासूबाई दारात खुर्ची टाकून मुकादम! "जपून रे. माझ्या लेकाने ठोकलेला माळा आहे. तुझ्यासारखे दहा पुरून उरेल."

"आजी, माळ्याला कसली भीती, मला जपा!"

खळखळून हसल्या. कितीतरी महिन्यांनी.

वायरी ओढून झाल्या. उरलेल्या वेळात छताला मीच पांढरा रंग दिला. मान अवघडली. ह्यांची आयुष्यभर अवघडलेली असायची, तेव्हा मी चेष्टा करायचे.

१६ फेब्रुवारी

झालं! फळीखाली तीन पट्ट्या, छताकडे तोंड केलेले चार दिवे. सातही एका बटणावर. वायरमन गेल्यावर एकटीने लावून पाहिले. सासूबाईंचा डोळा लागला होता.

सगळं दिसलं. फळीच्या कडेची काजळी, तेलाचे ओघळ. माळ्याच्या एका फळीवर पेन्सिलची रेघ आणि ह्यांचं अक्षर — "इथे कापणे". इतकी वर्षं त्याच्याखाली उभी होते.

स्टुलावर बसून राहिले. रडू आलं नाही. दुखलं फक्त.

१७ फेब्रुवारी

सकाळी सातही दिवे लावून चहा टाकला. सासूबाई भिंतीला हात लावत आल्या, खुर्चीत बसल्या. माझ्या डावीकडे कुठेतरी बघत म्हणाल्या, "बसले ना गं दिवे? मग लाव की!"

मी बटणाशी गेले. बंद केले. पुन्हा लावले.

खटक्यासरशी म्हणाल्या, "हां! आता कसं लख्ख दिसतंय."

"हो ना," म्हटलं. कप त्यांच्या बोटांत दिला.

उद्या नणंद येईल. खटका जोरात दाबायला हवा.