मास्टर मायाकुमारची सोलो कॅसेट

हुमनाबाद,
पौष महिना, १९८७

तीर्थरूप शिवाप्पा अण्णांच्या पायी धाकट्या मायाप्पाचं डोकं टेकून शिरसाष्टांग नमस्कार. इकडं आम्ही बिरप्पा देवाच्या दयेनं बरे हावोत. आपली, वहिनीसाहेबांची, मेंढरांची अन् त्या चावऱ्या कुत्र्याची खुशाली कळवावी. पद्मावहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? थंडी लई हाय, आपण पहाटे उघड्या अंगानं गोठ्यात जाऊ नये. (अण्णा, 'आपण' लिहिताना हात आखडायलाय. 'आपण' म्हणलं की तू तहसीलदार झाल्यावानी वाटतोस. इथनं पुढं 'तू'.) माझ्या मागच्या पत्रांना तुझं उत्तर आलं न्हाई. वाचून दाखवायला कुनी न्हवतं, हे कारण सांगू नको. शाळेत मास्तरनं तुला सगळ्यात पुढं बसवलतं. ते कामून बसवलतं हे बी मला ठाऊक हाय, पण वाचता तुला येतंय.

तर बातमी अशी की मी आता ऑर्केस्ट्रात न्हाई. मला काढलं न्हाई, हे आधी ध्यानात घे. झालं असं, की दिवाळीनंतर बसवकल्याणला एका मोठ्या घरचं लगीन होतं. मी पांढरी पँट, पांढरे बूट, काळा गॉगल अन् ते रेक्झिनचं जाकीट घालून उभा. (तेच जाकीट, जे बघून तू म्हणलतास की मोटारीची शीट फाडून अंगात घातली का काय.) पाठीमागं ड्रम, कॅसिओ, गिटार, सगळी फौज. माझं ठरलेलं धिंगाण्याचं गाणं, त्यात शेवटाला एक लई वरची तान. इतकी वर्षं त्या तानेवर लोकांनी टोप्या उडवल्या. त्या दिवशी तोंड उघडलं, अन् जे निघालं त्यानं नवरदेवाची घोडी बिथरली. नवरदेवाला घेऊन ती थेट जेवणाच्या मांडवात शिरली, बुंदीच्या ताटापशी थांबली. ऑर्केस्ट्राचा मालक मला बाजूला घेऊन म्हणला, मास्टर, आता तुम्ही मोठे झालात, तुम्ही माईक सांभाळा. माईक सांभाळायचा म्हणजे गायचं न्हाई. गाणारी पोरं यायच्या आधी स्टेजवर जाऊन 'हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणायचं अन् उतरायचं. मी ते बी केलं, अन् मन लावून केलं. भालकीला तर माझ्या हॅलोला टाळ्या पडल्या. पण माणूस हॅलोवर किती दिवस जगणार? म्हणून मीच सोडलं.

खरं सांगायचं तर घरी बसून दिमाग खराब व्हायलता. तुझी भावजय अनसाबाई दळण आणायला पाठवायली, अन् गिरणीवाला विचारायला, मास्टर, आज प्रोग्राम न्हाई का? तेवढ्यात देवानं जगदेवप्पाला धाडलं. हा गुलबर्ग्याचा, कॅसेटीचं दुकान हाय, मागच्या खोलीत गाणी भरून बी देतो. हायवेवरच्या धाब्यावर मी बाजेवर बसून बसची वाट बघायलतो. कंटाळा आला म्हणून अप्पाची ओवी गुणगुणलो. मुद्दाम न्हाई, आपोआप आली. एका लॉरीवाल्यानं तर हातातला घास खाली ठेवला. (नंतर कळलं, त्याच्या वरणात माशी पडलती. पण ठेवला हे खरं.) जगदेवप्पा उठून आला, म्हणला, हे काय हाय? मी म्हणलो, हे आमच्या बापाचं, अप्पाचं हाय, मेंढरामागं गायचं. तो म्हणला, डिस्कोच्या कॅसेटी धूळ खायल्यात, लोकांना आता मुळातलं पाहिजे, ह्याची आपण सोलो काढू, जत्रेत विकू. मी सोलो म्हणजे काय विचारलं. तो म्हणला, तुमचं एकट्याचं नाव, तुमचा एकट्याचा फोटो, मागं कुनी न्हाई. अण्णा, खोटं कशाला सांगू, जलमभर ज्याच्या मागं फौज उभी होती त्याला 'मागं कुनी न्हाई' हे लई गोड वाटलं.

फोटो तर आधीच काढला. फोटोवाल्यानं मला पटका बांधला, अंगावर दुकानातली नवी घोंगडी टाकली अन् गॉगल तसाच ठेवला. म्हणला, गॉगलशिवाय गिऱ्हाईक ओळखणार न्हाई. हातात मेंढरू पाहिजे म्हणला. गुलबर्ग्यात ऐन वेळी मेंढरू कुठलं? खाटकाच्या दारातनं एक जनावर आणलं. तू कव्हर बघशील तवा पहिल्यांदा तेच बघशील, म्हणून आताच सांगतो: ते मेंढरू न्हाई, बोकड हाय. मला बी दिसायलतं. मी म्हणलो बी. पण जगदेवप्पाला दोन्ही सारखेच. धनगराच्या पोरानं बोकड कवटाळून ओवीच्या कॅसेटीवर उभं ऱ्हावं, ह्याची लाज मला हाय. कव्हरं मात्र छापून झाली.

मग भरायचा दिवस आला. खोली एवढीशी, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद कारण त्याचा आवाज टेपात जातो. बाहेर थंडी अन् आत मी घामानं निथळायलोय. काचेपलीकडनं जगदेवप्पानं बोट हालवलं, मी डोळे मिटले अन् उचलली: वढ्याच्या पल्याड मेंढरं गेली, हाक कुनी मारावी जी. मग दुसरी, मग तिसरी. काय लागला गळा, अण्णा! त्या बसवकल्याणच्या तानेची सगळी भरपाई झाली. गाऊन डोळे उघडले तर जगदेवप्पा डोक्याला हात लावून बसलेला. म्हणला, मास्टर, मधी मधी थांबायलाव कामून? मी म्हणलो, कोण थांबलं? त्यानं टेप लावून ऐकवला. एक ओळ माझी, मग गप्प. एवढं गप्प, की लांबचा बसचा हॉर्न ऐकू यायला. मग दुसरी ओळ, पुन्हा गप्प, त्यात एक कोंबडा. देवाशपथ सांगतो, मी थांबलोय हे मला ठाऊकच न्हवतं.

आपल्या ओवीचं कसं असतं हे तुला काय सांगायचं, पण जगदेवप्पाला सांगावं लागलं, तर तू बी ऐक. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं मागनं झील धरायची, म्हणजे त्याच ओळीचं शेपूट उचलून फिरवायचं. अन् झील चालू हाय तवर पहिल्यानं दम घ्यायचा, पुढची ओळ आठवायची. अप्पा गायचा तवा काका झील धरायचा, अन् मी गायचो तवा तू. जगदेवप्पा म्हणला, मग न थांबता गा की. गायलो. दोन ओळी झाल्या, तिसरी डोक्यात येईनाच. जी ओवी मला झोपेत पाठ, ती सरळ म्हणायला गेलं की पळून जायली. झिलेशिवाय मला पुढचं काहीच आठवत न्हाई, अण्णा. एवढ्या वयात हे आता कळलं.

बरं, मी काय हात टेकणारा माणूस न्हाई. कॅसिओवाला बोलावला. त्यानं माझ्या प्रत्येक गप्पमधी अशी टुंगटुंग भरली, की मला सारखं वाटायलं आता वरात निघणार. त्याला चहा पाजून लावून दिलं. मग जगदेवप्पा स्वतः उभा ऱ्हायला. झील धरली, पण ती भजनासारखी लांबवत लांबवत नेली. त्याची झील संपेपर्यंत मी खाली बसून पाणी पिऊन उठलो. शेवटी अनसाबाईला आणलं. ती म्हणली, मला येतंय, लगीन होऊन आल्यापासून ऐकायले. मी ओळ टाकली, हाक कुनी मारावी जी. तिनं उचलली: "हाक मारून उपेग काय, घरात रॉकेल न्हाई जी!" मी दुसरी टाकली, तिनं त्यात तिच्या भावाच्या लगनात मी न गेल्याचं सगळं सुरात बसवलं. सूर सोडला न्हाई बाईनं, हे कबूल करावं लागंल. जगदेवप्पा हसून हसून काचेवर आपटला अन् म्हणायलाय हेच विकू, बायका रांग लावतील. मी त्याच्या हातापाया पडून ते पुसायला लावलं. (पुसलं का न्हाई, बिरप्पाला ठाऊक.)

मग त्यानं एक यंत्राची युक्ती काढली. म्हणला, तुमची झील तुम्हीच धरा, दोन्ही टेप जोडून देतो, सोलोची सोलो. मला पटलं. आपलाच गळा, आपलीच ओवी, त्यात काय अवघड? कानाला डबडी लावून मी माझ्याच मागं उभा ऱ्हायलो. ऐकून मला माझीच शरम वाटली. पुढचा मायाप्पा ओळ संपवायच्या आत मागचा मायाप्पा त्याला ढकलून पुढं यायलाय. दोघंबी मास्टर, दोघांनाबी टाळ्या पाहिजेत. बारक्या आवाजात, दुसऱ्याच्या मागं, त्याच्या दमाला दम लावून गायचं हे मला जमतच न्हाई. तुला कसं जमायचं रे? मी कधी मधीच उड्या मारायचो, कधी ओळ अर्धी सोडायचो, अन् तू मागनं असं सावरून न्यायचास की ऐकणाऱ्याला वाटायचं हे असंच हाय.

आता तू म्हणशील, हे तुला आज सुचलं. सुचलं तर सुचलं. त्या वर्षी बिरप्पाच्या जत्रेत मी ओवीत डिस्कोचा ठेका घातला, त्याचा राग तू अजून धरून हाईस. अरे, पोरं नाचली का न्हाई? पुजारी बी नाचला. पण तू ढोल खाली ठेवलास, म्हणलास, तुझं तू गा, माझी झील माझ्यापशी. अन् तवापासनं तू तोंडच उघडलं न्हाईस म्हणे, पेरणीला न्हाई, जत्रेला न्हाई, मेंढरामागं बी न्हाई. असा कुठं राग असतो? गळा हाय तो, गंजतो. (माझा बघ.)

असो. जगदेवप्पानं सोमवारपर्यंतची मुदत दिलीय. तवर झालं न्हाई, तर त्या रिकाम्या जागांत तो मशिनीचा ठेका भरणार अन् कॅसेटीला 'डिस्को धनगर' नाव देणार. कव्हरावर बोकड हायच. अप्पाची ओवी हुमनाबादच्या अख्ख्या जत्रेत पिपाणीवाल्याशेजारी तशी वाजणार, अन् लोक म्हणणार, हे मुडबी गावच्या त्या म्हाताऱ्या धनगराचं. मला त्याचं काही वाटत न्हाई. मी कलाकार माणूस हाय, मला सवय हाय. तुला वाटू नये म्हणून आपलं कळवलं.

बाकी माझं काही मागणं न्हाई. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबनं राम राम. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
मायाप्पा
(पोस्टरावर मास्टर मायाकुमार)

ता. क. अप्पाची जुनी घोंगडी पेटीत असंल तर पाठव. खोलीत गाताना अंगावर घेतली तर बरं, दुकानातली नवी लई टोचायलीय.

ता. क. घोंगडी पाठवतोसच तर अप्पाचा ढोल बी पाठव. तुला आता त्याचा काय उपेग? वहिनी त्यात लसूण ठेवायल्यात असं ऐकलं. लसूण काढून पाठव.

ता. क. पत्र मल्लप्पा कंडक्टरच्या हाती देतोय. त्याची गाडी मुडबीला मुक्कामाला असते, सकाळी परत सुटते. पण ढोल एकटा गाडीत टाकू नको. कातडं जुनं हाय, कुनीतरी त्याच्यावर बसंल. संगं माणूस पाहिजे. पद्मावहिनींचा गुडघा दुखायलाय, त्यांना नको. भीमराज मास्तरला शाळा हाय. बाकी कोण हाय ते तूच बघ. मल्लप्पा ढोलाचं लगेज मागंल, तर भांड त्याच्याशी, भांडायला तुला कुनी शिकवायला नको.

ता. क. पत्रासंगं एक कॅसेट हाय, ती पहिल्या दिवसाची. भीमराज मास्तरच्या घरी टेप हाय, जयंतीला लावतो तोच. त्याच्याकडं जाऊन ऐक. मास्तरनं विचारलं की ह्यात मधी मधी आवाज कामून न्हाई, तर बिघडलीय म्हण. मी ती कितींदा तरी ऐकलो, अण्णा. मी मोजलं न्हाई, ठरवलं न्हाई, तरी सगळ्या रिकाम्या जागा सारख्याच हायत. तू जेवढी झील धरायचास तेवढ्याच. एवढी वर्षं मी स्टेजवर कुठं कुठं अन् काय काय गायलो, पण दम माझा तुझ्या मापानंच ऱ्हायला बघ. कव्हरावर 'सोलो' छापून झालंय. जगदेवप्पा म्हणायलाय, खाली शिक्का मारून देतो, 'संगं शिवाप्पा'. मी म्हणलो, आधी त्याला विचारतो.

सकाळी मी स्टँडवर उभा असंन, गॉगल न लावता.

वढ्याच्या पल्याड मेंढरं गेली, हाक कुनी मारावी जी

अण्णा, मी थांबलोय.