आई आत, मी बाहेर

रोटोटुना, हॅमिल्टन, न्यूझीलंड
६ ऑगस्ट २०१७

ती. नीताताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून कागद का, म्हणून हसशील. अगं, मी कुणाला काय मेसेज केला ते हल्ली रविवारी चर्चमध्ये मलाच ऐकायला मिळतं. तेही प्रेमाने, मिठी मारून.

सलोनी आता आठ वर्षांची होईल. आम्हा मॉर्मन लोकांत आठव्या वर्षी बाप्तिस्मा, आणि त्याआधी बिशप मुलाला खोलीत एकटं बसवून प्रश्न विचारतात. आमचे बिशप म्हणजे झगेवाले पाद्री नव्हेत, आठवडाभर लोकांचे दात काढणारा सज्जन माणूस. पण दार बंद कशाला? मी फेसबुकवर एवढंच लिहिलं की लेकराला एकटं घेऊ नका, आईला आत बसू द्या. चर्चमधल्या हीप्स कुटुंबाने ते बिशपांकडे पाठवलं. आता निरोप आलाय की लिहिलेलं काढ, नाहीतर चौकशीला ये.

नाही काढलं तर नाव कापतील. मग विरेमुशी आणि सलोनीशी आमच्या मॉर्मन देवळात बांधलेली माझी गाठ सुटेल, मेल्यानंतरही टिकणारी. नवरा आणि लेक एकीकडे, मी दुसरीकडे. तुला हे खूळ वाटेल, पण माझा त्यावर विश्वास आहे गं. फार भीती वाटते.

बाकी विरेमु ठीक. इथे धुकं इतकं की समोरची डेअरी दिसत नाही.

तुझी माया पाठीशी राहू दे.
ऋचा

पुणे
२४ ऑगस्ट २०१७

चि. सौ. ऋचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काढू नकोस! पोर तुझी, दार उघडं ठेवा म्हणायला कुणाच्या बापाची भीती? त्या दातवाल्याला माझ्याकडे पाठव, माझी दाढ दुखतेच आहे.

एक सांगू का, घाबरणार नसशील तर. तीन वर्षांपूर्वी तू आईच्या वतीने तुमच्या देवळाच्या हौदात बुडी मारलीस आणि गेलेल्या आईला मॉर्मन करून टाकलंस, तेव्हा मी पोट धरून हसले होते. गार पाण्याने तोंडसुद्धा न धुणारी आपली आई! आता हसू येत नाही. दुपारी जरा डोळा लागला की ती दारात उभी. केसांतून पाणी गळतंय, पातळ अंगाला चिकटलंय. बोलत नाही, आत येत नाही. उठून बघते तर उंबऱ्याशी फरशी ओली. हे म्हणतात, कामवालीने नीट पुसलं नसेल. कामवाली सकाळीच येऊन जाते.

उद्या गणपती बसतील. तुझ्या नावाने एक मोदक जास्त करते.

सलोनीला गोड पापा. जपून राहा.
तुझी ताई

रोटोटुना
१७ सप्टेंबर २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही काढलं. नाव कापलं.

समोर बिशप धरून तिघं बसले होते. कुणी आवाज चढवला नाही. मला सांगताना बिशपांचेच डोळे भरले. मग तिघांनी माझा हात हातात घेतला आणि निघताना डबाभर लेमन स्लाइस, त्या लिंबाच्या गोड वड्या, दिल्या. ताई, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

परवाच्या रविवारी गेले. येऊ नको असं कुणी म्हणत नाही. पण प्रसादाच्या पावाचं तबक आलं आणि माझ्यासमोरून विरेमुच्या हातात गेलं, मधली खुर्ची रिकामी असावी तसं. बाहेर बायका सलोनीला विचारत होत्या की तुझी मम कशी आहे. मी शेजारीच उभी होते. ती इंग्रजीत म्हणाली की ही काय इथेच आहे. तरी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

विरेमुने तिचा बाप्तिस्मा पुढे ढकलला. का, ते सांगत नाही.

मी बिशपांना विचारलं की आईचं काय. ते म्हणाले, तिचं जे झालं ते तसंच राहतं. म्हणजे मी ओढून नेलेली आई आत, मी बाहेर. तिचं तिथे माझ्याशिवाय आहे कोण?

ती अजून दिसते का, तेवढं कळव. खोटं लिहू नकोस.
ऋचा

पुणे
८ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. ऋचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोटं लिहिणार नाही.

तुझं पत्र आलं, वाचून उशाशी ठेवलं आणि तशीच आडवी झाले. आई आली. या वेळी केस कोरडे होते, अंबाडा घातलेला. आणि ती बोलली गं, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात. म्हणाली की आत सगळे फार गोड बोलतात, पण तुझं नाव काढलं की गप्प होतात. म्हणून ती निघून आली. दाराबाहेर पायरीवर बसली आहे, तू येईपर्यंत तिथेच बसणार म्हणते. एकटीला यायला लागू नये म्हणून.

मी रडले. मग तिला चांगलं बजावलं की बस हो, पण हाका मारू नकोस. पोर लहान आहे तिची.

उंबरा कोरडा आहे. तू मात्र, कुणी हाक मारली तरी, एकदम ओ देऊ नकोस.

तुझीच,
ताई