झेंडा रोज अलीकडे

३ मार्च, मंगळवार

सकाळी सामान आलं. दुपारपर्यंत खोकी आत घेऊन झाली. गॅस जोडून घेतला, स्वयंपाकघर लावलं, चहा केला. संध्याकाळी समुद्राकडची खिडकी उघडली तर वाऱ्याने पडदा दांडीसकट खाली आला. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून लिहून ठेवते.

घर छान आहे. हॉल, झोपायच्या दोन खोल्या, मागे छोटी बाग. बागेच्या कुंपणाला लागूनच गोल्फचं मैदान. त्यापलीकडे वाळूच्या टेकड्या आणि मग समुद्र. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. हे घर ह्यांनी निवडलं. निवृत्तीनंतर रोज खेळणार होते. खेळता काडीचंही येत नव्हतं. जुन्या घरी पॅसेजमध्ये स्टीलचा पेला आडवा ठेवायचे आणि छत्रीच्या मुठीने चेंडू ढकलत बसायचे. आत गेला की टण्. मी आतून ओरडायची, की तुमचा सामना संपला असेल तर गॅस बंद करा, दूध उतू जातंय. खेळायचे बूट घेऊन ठेवले होते. ते खोक्यात कोरेच आहेत. मागच्या हिवाळ्यात हे गेले.

ह्यांची राख पितळी डब्यात आहे. डबा फडताळावर चहाच्या डब्याशेजारी ठेवला. बावीस तारखेला लेक येईल, मग दोघींनी मिळून समुद्रात सोडायची. सगळी, एकदम. तसं मी तिला कबूल केलं आहे.

५ मार्च, गुरुवार

इथले लोक बोलके आहेत. मी नाही, पण त्यांचं काही अडत नाही. शेजारच्या बाई आज डोक्यावर हेल्मेट घालूनच भेटायला आल्या. क्लबातल्या बायकांच्या टीमच्या त्या कप्तान होत्या, म्हणून सगळे त्यांना कॅप्टनबाई म्हणतात. म्हणाल्या, ताई, इथे कपडे वाळत घालायचे तर हेल्मेट घालून, माझ्या खिडक्यांच्या जिवावर काचवाल्याने मुलीचं लग्न केलं. झेंड्यासमोरचं घर घेणारा माणूस नवशिकाच असणार, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, होतेच. त्यांचे यजमानही गेलेले आहेत. तेवढं सांगून त्यांनी विषय बदलला, ते मला बरं वाटलं.

त्यांनी एक समजावून सांगितलं. झेंड्याखाली चेंडू घालवायचं जे भोक असतं ते रोज बदलतात. एकाच जागी पाय पडून गवत मरू नये म्हणून. मैदानाचा माळी सकाळी नळीसारख्या पात्याने नवीन भोक पाडतो, त्यातून निघालेलं मातीचं बूच गवतासकट कालच्या भोकात बसवतो आणि पायाने दाबतो. मग कालची जागा कुठली होती ते त्यालाही सापडत नाही. मी आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं. नीटनेटकं काम आहे. बघायला आवडलं.

८ मार्च, रविवार

कॅप्टनबाई सकाळी फिरायला घेऊन गेल्या. कालचं भोक बुजवायच्या आधी त्यात आपल्या माणसाची चिमूटभर राख टाकायची, अशी इथे रीत आहे म्हणाल्या. सगळ्यांनी टाकली आहे. आमचा म्हातारा इथेच आहे, जन्मात जमलं नाही ते आता रोज खेळतोय, असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसल्या.

मला ते कोरे बूट आठवले. घरी जाऊन चहाच्या चमच्याने चमचाभर राख आणली. माळ्याने टोपी काढली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मी राख टाकली. त्याने वर बूच बसवलं, दाबलं, पाणी मारलं. लेकीला सांगितलेलं नाही. चमचाभराने काय कमी होणार आहे.

आज जेवण गेलं.

११ मार्च, बुधवार

झेंडा आज आमच्या बाजूच्या कडेला होता. चालत जाऊन भोकात डोकावले. आत प्लास्टिकची पांढरी वाटी असते. तिच्या तळाला राख होती.

माळ्याला हाक मारली. तो आधी टाळत होता, मग म्हणाला, बाई, रविवारनंतर मी एकही भोक पाडलेलं नाही, मी येतो तेव्हा नवीन पाडलेलं असतं, मी नुसतं जुनं बुजवतो. त्याला वाटलं दुसरा माळी ठेवला असेल. दुसरा माळी नाही.

मी चमचा आणून राख काढली आणि परत डब्यात घातली. वाऱ्याने उडून आली असेल म्हणावं, तर त्या दिवशीचं भोक बुजलेलं आहे. माळ्याने ते दाबलं तेव्हा मी स्वतः शेजारी उभी होते.

१३ मार्च, शुक्रवार

झेंडा आता बारीक कापलेल्या गवताच्या बाहेर, आमच्या कुंपणाजवळच्या उंच गवतात आहे. खेळणारे कुरकुर करतात, पण खेळतात. भोकात पुन्हा राख, चमचाभरापेक्षा जास्त. पुन्हा डब्यात भरली. डबा त्या मानाने हलका लागला.

१५ मार्च, रविवार

झेंडा आमच्या बागेत आहे. कपड्यांच्या दोरीखाली.

खेळणारे फाटक उघडून आत आले. ताई, जरा त्रास देतोय, म्हणाले. एकजण चेंडू मारायला वाकला की बाकीचे जागच्या जागी थिजून उभे राहतात, ही त्यांची शिस्त. आत कुकरची शिट्टी झाली, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकाने ओठांवर बोट ठेवलं. माझ्याच घरात मी जाऊन गॅस बंद केला.

चेंडू भोकात गेला. प्लास्टिकच्या वाटीत पडलेला चेंडू टक् वाजतो, इतके दिवस ऐकते आहे. हा टण् वाजला.

क्लबच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, बाग तुमची आहे मॅडम, पण झेंडा क्लबचा आहे, तो आम्हाला उपटता येत नाही. मी विचारलं, मग मी उपटू का. ती म्हणाली, बघा प्रयत्न करून. केला. हलला नाही.

१७ मार्च, मंगळवार

डबा निम्म्याहून रिकामा. मी भरते आणि सकाळी राख भोकात असते. आज चमचा तळाला पोचेना, म्हणून हात घातला. कोपरापर्यंत गेला तरी तळ लागला नाही.

मग माझं मनगट कुणीतरी दोन बोटांनी धरलं.

हे चारचौघांत कधी हातात हात घ्यायचे नाहीत. रस्ता ओलांडताना तेवढं माझं मनगट दोन बोटांनी धरायचे, वाहतूक संपेपर्यंत. मी अंगठ्याने चाचपून पाहिलं. करंगळी मधल्या पेरात बाहेरच्या बाजूला वाकलेली. दारात चेमटून मोडली होती. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम केलं, त्या करंगळीची फिल्मही मीच काढली होती. चूक होणं शक्य नाही.

ऊन वर आलं होतं. गवत ओलं होतं. मी तशीच बसून राहिले. खरं लिहायचं तर हात काढावासा वाटला नाही. चहा करपल्याचा वास आला तेव्हा ओढला. त्यांनी लगेच सोडला.

१८ मार्च, बुधवार

भोक मागच्या दाराच्या पायरीशी. पुन्हा हात घातला. आधी दोन बोटं, मनगटावर. मग कोपराला दुसरा हात लागला.

तो ह्यांचा नव्हता. लहान, बाईचा, बोटात चपट्या खड्याची अंगठी. त्याच्या खाली आणखी एक. मग आणखी. ओढून काढला तर दंडावर नखं उमटली होती. ते हात ह्यांच्यासारखे सोडत नाहीत.

तशीच कॅप्टनबाईंकडे गेले. आधी हसल्या, मग हसल्या नाहीत. म्हणाल्या, भोक एकच आहे हो ताई, फक्त हलतं. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी ते त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. मग त्यांची बहीण राहायला आली, आणि ते परत मैदानात गेलं. मी विचारलं, बहीण आता कुठे असते. त्यांनी बशी पुढे केली. बिस्किट घ्या ना, म्हणाल्या.

त्यांच्या बोटात चपट्या खड्याची अंगठी आहे. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणाल्या, वडिलांनी दोघींना सारख्या केल्या होत्या.

१९ मार्च, गुरुवार

बॅग भरून वसाहतीच्या गेटपर्यंत गेले. टॅक्सीसाठी थांबायच्या बाकापाशी झेंडा रोवलेला होता. मी बसणार होते त्याच टोकाला. पहारेकऱ्याने आपली खुर्ची जरा बाजूला घेतली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण नको म्हणून. म्हणाला, बाई, घरीच बरं, इथे ऊन लागेल.

परत आले. झेंडा माझ्या आधी पोचला होता.

लेकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. तिने विचारलं, आई, जेवलीस का. मग मी सगळंच सांगितलं. चमचा, राख, हात. मी एवढं कधी बोलत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. वाटलं, मला वेड लागलं म्हणेल. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तिने एवढंच विचारलं, करंगळी वाकडीच होती का गं.

मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून हो गेलं.

रविवारची वाट बघत नाही, शनिवारीच येते, म्हणाली.

२० मार्च, शुक्रवार

भोक घरात आलं. माझ्या खोलीत नाही. तिच्यासाठी लावलेल्या खोलीत, पलंगाला लागून, उशीकडे. फरशी गोल कापलेली, कडा गुळगुळीत. झेंडा छताला टेकून वाकला आहे.

कपाट ओढून भोकावर आणलं. मागे वळले तर भोक कपाटाच्या अलीकडे. गादी टाकली. गादीच्या अलीकडे.

डबा रिकामा.

माळी बुचं घेऊन आला. एक बसवलं, आत गेलं. दुसरं, आत गेलं. आणलेली सगळी गेली. टोपी काढून हातात धरली आणि खाली बघत निघून गेला.

लेकीला फोन लावते, ती उचलत नाही. एकदा उचलला. गाडीत आहे, आवाज येत नाही. मी ओरडून सांगितलं, बाबा नाहीत ते. ती म्हणाली, काय, आई, बाबा काय —

दुपारी कॅप्टनबाई डोकावल्या. खोली पाहिली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. लेक येतेय ना, मग झालं तर, म्हणाल्या.

मग झालं तर.

२१ मार्च, शनिवार

सकाळ. स्टेशनवरून तिचा फोन आला. उतरली. आता टॅक्सी मिळाली की —

ती आधी त्या खोलीत जाईल. भोक बघेल. हात घालेल. ते बोट ओळखेल आणि मग ती हात सोडवून घेणार नाही. मी तिला ओळखते. माझीच आहे.

बहीण गेली आणि भोक मैदानात परत गेलं. म्हणजे एकच लागतं. कुणीही चालत असेल.

डबा धुऊन पालथा घातला. आत कणभरही ठेवलेलं नाही, म्हणजे तिला कुणी चमचा दिला तरी — किल्ली बाहेर कुंडीखाली. गॅस बंद. दूध फ्रिजमध्ये.

अक्षर वाईट येतंय. डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा खांद्यापर्यंत आत आहे. आधी दोन बोटं लागली. ह्यांची. धरलं नाही, उलट वर ढकलत होते. जा म्हणत होते. मग बाकीचे आले —

खूप आहेत.

ह्यांची बोटं आता सापडत नाहीत.

बाहेर खेळणारे आले वाटतं. अगदी गप्प उभे आहेत. कुणीतरी चेंडू मारायच्या —

टॅक्सी नाही. अजून नाही. वेळ आहे.

इथून पलंगाची खालची बाजू दिसते. चादरीचं हे टोक बाहेर राहिलं होतं. डावा हात पोचतो आहे. तेवढं खोचते आणि